मासा न विकणाऱ्या दादांना

दादा,
सप्रेम नमस्कार.

शुक्रवारी म्हापशाचा बाजार भरलेला असतो, तुमच्या शोभेच्या माशांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका शुक्रवारी, जानेवारीत, तुम्ही माझ्यासाठी पाऊण तास काढलात आणि मी पैसे हातात धरून उभी असताना मला एकही मासा न देता परत पाठवलंत. तेव्हा मला राग आला होता. डिचोलीपर्यंत बसमध्ये मी धुमसत होते. आज वर्ष होत आलं, आणि त्याच नकाराचे आभार मानायला हे पत्र लिहिते आहे. चारचौघांत लिहिते आहे, कारण तुमच्या तोंडावर बोलायला गेले की तुम्ही लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळता.

तुमच्याकडे येण्याआधी आमच्या घरात काय झालं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांना सांगायला हवं. आमचे मामंजी तीस वर्षं बार्जवर होते. आमोण्याच्या धक्क्यावर खनिज भरायचं आणि मांडवीतून मुरगाव बंदराकडे न्यायचं. २०१२ साली खाणी थांबल्या, बार्जही धक्क्याला लागली. मी तुमच्याकडे येण्याआधीच्या पावसाळ्यात ते अंगणात घसरून पडले आणि घराबाहेर पडणं जवळजवळ संपलं. पाण्यावर आयुष्य काढलेला माणूस दिवसभर भिंतीकडे बघत बसतो, हे आम्हाला पाहवेना. म्हणून खाऱ्या पाण्याची टाकी घ्यायची ठरवली. २ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच.

ती ज्या दुकानातून घेतली, तिथे सगळं एका दिवसात मिळालं. टाकी, वाळू, खडक, मीठ, आणि तिसऱ्या दिवशी मासे. एक ब्लू टँग, एक मँडरिन आणि दोन डोमिनो डॅमसेल. शिवाय दोन कोळंब्या. मामंजी इतके खूश की जेवण टाकीसमोर मागितलं. मँडरिन चौथ्या दिवसापासून बारीक दिसू लागला. आम्ही घातलेल्या दाण्यांकडे तो ढुंकून बघत नव्हता, खडकाला तोंड लावून काहीतरी शोधत फिरायचा. त्याचं पोट आत गेलं, मग डोक्यामागचं मांस गेलं. टँगच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके आले. दुकानात विचारलं तर निळं औषध दिलं, टाकीतच ओता म्हणाले. कोळंब्या दुसऱ्या दिवशी सकाळी आडव्या. अकराव्या दिवशी एक डोमिनो उरला होता, आणि त्यानेच दुसऱ्याला कोपऱ्यात दाबून मारलं होतं. मामंजी काही बोलले नाहीत. खुर्ची परत भिंतीकडे फिरवून घेतली.

मी तुमच्याकडे आले ती नवे मासे घ्यायला. तुम्ही मला स्टुलावर बसवलंत आणि तीन गोष्टी विचारल्यात. टाकी केवढी? पाणी किती दिवसांचं? आणि समोर कोण बसणार? हा तिसरा प्रश्न तोवर आम्हाला कुणीही विचारला नव्हता. मी मामंजींबद्दल सांगितलं. तुम्ही थोडा वेळ गप्प राहिलात आणि म्हणालात, "ताई, आज मासा नाही. पाच आठवड्यांनी या."

मग एकेका मेलेल्या माशाचं कारण तुम्ही मला सांगितलंत, दोष न देता. ब्लू टँग वाढून एक फुटापर्यंत जातो आणि दिवसभर लांब पल्ल्याने पोहतो. मी घरी हे सांगितलं तेव्हा मामंजी चटकन म्हणाले, "म्हणजे बार्ज व्हाळात घातली." व्हाळ म्हणजे छोटा ओढा. मँडरिन खडकावरचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव टिपून खातो, आणि नव्या टाकीत ते जीव नसतातच. तो उपाशी मेला. निळ्या औषधात तांबं होतं. ठिपक्यांवर तांबं चालतं, पण वेगळ्या भांड्यात. कोळंबी, गोगलगाय यांना ते विष, आणि वाळूत-खडकात मुरलं की निघत नाही. म्हणून ती वाळू आणि ते खडक तुम्ही टाकून द्यायला लावलेत. उरलेला डोमिनो तुम्ही स्वतःच्या मोठ्या टाकीत घेतलात आणि त्याचे पैसे मला देऊ केलेत. ते मी घेतले नाहीत, पण देऊ केलेत हे विसरले नाही.

ते पाच आठवडे आमच्या घरात गाजले. नवे खडक ठेवून, टाकीत पाणी भरून तुम्ही त्यात एक कच्चं सुंगट, म्हणजे खायची कोळंबी, टाकायला सांगितलंत. मासे नसलेल्या टाकीत सुंगट कुजवायचं! शेजारीण विचारून गेली, वास कसला. पण त्या कुजण्यातून अमोनिया होतो, तो खाणारे जिवाणू वाढतात, अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट, आणि हे चक्र बसल्याशिवाय टाकी म्हणजे माशासाठी विषाचं भांडं, हे मला त्या वासाने शिकवलं. तुम्ही तुमच्या टाकीतल्या जुन्या सिरॅमिक खडकाचा मुठीएवढा तुकडा विरजणासारखा दिला होता. रोज संध्याकाळी मी पाण्यातला अमोनिया दाखवणाऱ्या परीक्षानळीचा फोटो पाठवायचे. दुकान बंद करून रात्री साडेनऊला तुमचं उत्तर यायचं, "अजून हिरवं आहे. थांबा." नळी सलग पिवळी राहिली त्या दिवशी तुम्ही फक्त "या" लिहिलंत.

समुद्राचं पाणी का आणायचं नाही, हे मात्र तुमच्याइतकंच मामंजींनी समजावलं. गोव्यात राहून मीठ विकत घ्यायचं आणि आरओच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम कालवायचं, हे मला वेडेपणाचं वाटलं होतं. मामंजी म्हणाले, पावसाळ्यात मांडवीचं लाल पाणी नदीच्या मुखाशी असलेल्या आग्वादच्या बाहेरपर्यंत जातं. मुखाशी असलेल्या वाळूच्या बांधावरून, म्हणजे बारवरून, जाणं बंद व्हायचं, मग आम्ही कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरायचो. जे पाणी महिन्यागणिक बदलतं ते टाकीत कसलं घालतेस? त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी ते इतकं सलग बोलले.

आता माशांच्या निवडीबद्दल. तुम्ही बिलाच्या मागच्या बाजूला पेनाने टाकीचा चौकोन काढलात आणि त्याचे तीन मजले केलेत. काचेच्या हिशोबाने ७० लिटर, वाळू-खडक वजा जाता पाणी ५५ लिटर. चार मासे, पाचवा नाही. तळाला एक, मध्ये एक, वर जोडी, म्हणजे एकाच जागेवरून भांडण नको. आणि आत सोडायचा क्रम भित्र्यापासून धीटाकडे, दोघांत दोन-तीन आठवड्यांचं अंतर. तो कागद मी फ्रिजवर चिकटवला आहे. मला फायरफिश हवा होता. तुम्ही म्हणालात, गुणी मासा आहे, पण घाबरला की उडी मारतो, आणि पाचवा होईल. तिथेच विषय संपला.

तळाला पिवळा वॉचमन गोबी आणि त्याच्यासोबत पिस्टल कोळंबी. दादा, ही जोडी तुम्ही मामंजींसाठी निवडलीत, हे मला नंतर कळलं. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही. ती दिवसभर बीळ खोदते, दोन्ही नांग्यांनी वाळू ढकलत दारापर्यंत आणते आणि बाहेर येताना एक मिशी माशाच्या शेपटीवर टेकवून ठेवते. गोबी बिळाच्या तोंडाशी मान वर करून पहारा देतो. काही हललं की त्याची शेपटी थरथरते आणि क्षणात दोघं आत. मामंजींनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. "हा नाळीवर, बार्जच्या पुढच्या टोकाला, उभा राहणारा माणूस," ते गोबीकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि तो खालचा खलाशी. धुक्यात आम्ही असंच जायचो. पुढच्याने हात वर केला की मागे इंजिन थांबायचं." त्यांची खुर्ची त्या दिवसापासून टाकीकडे आहे.

मधल्या मजल्यासाठी तुम्ही बांगाई कार्डिनल सांगितलात, पण दुकानात होता तो दिला नाहीत. तो समुद्रातून पकडलेला होता. हा मासा मूळचा इंडोनेशियातल्या बांगाई बेटांभोवतीच सापडतो आणि पकडून पकडून तिथे कमी झाला आहे. टाकीत जन्मलेला मिळेपर्यंत आम्ही महिनाभर थांबलो. वरची क्लाउनची जोडीही पैदाशीतलीच, एक मोठा, एक छोटा. सगळे क्लाउन आधी नर असतात, जोडीतला मोठा मादी होतो, हे ऐकून घरात बराच वेळ चर्चा झाली. विळिंजम आणि मंडपमच्या सरकारी सागरी मत्स्य संशोधन केंद्रांत क्लाउनची पैदास करण्याचं तंत्र बसवलं गेलं आहे, असं तुम्ही अभिमानाने सांगितलंत. तो अभिमान मलाही आता वाटतो.

प्रत्येक मासा तुम्ही दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवलात, वर माझ्या नावाची चिठ्ठी लावून. न्यायला आले की आधी माझ्यासमोर खायला घालायचा. "खाताना बघितल्याशिवाय मासा घ्यायचा नाही." हे वाक्य मी ओळखीच्या तिघांना तरी सांगितलं आहे.

आणि पोवळं. मी मागितलं होतं, दुप्पट पैसे देईन म्हटलं होतं. तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत की दगडी प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे २००१ साली १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले, वाघाच्या बरोबरीने. "ग्रँड आयलंडला जाऊन पाण्यात तोंड घालून बघा, तिथलं तिथेच राहू दे." माझे सिरॅमिकचे खडक आता कडेने जांभळे-गुलाबी होऊ लागले आहेत. तुमच्या तुकड्यावरचं शेवाळ पसरतंय. मला तेवढं पुरतं.

मे महिन्यात पाणी ३१ अंशांवर गेलं तेव्हा तुम्ही फोनवर छोटा पंखा कसा लावायचा ते सांगितलंत. पंख्याने तीन अंश उतरले, पण पाणीही झपाट्याने उडू लागलं. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून भर साध्या आरओच्या पाण्याची घालायची. जुलैत वीज सहा तास गेली तेव्हा तुमच्या सांगण्यावरून घेतलेला बॅटरीचा एअरपंप चालू होता. चवथीला आम्ही पाच दिवस वाळपईच्या मूळ घरी गेलो, तेव्हा तुमच्या युक्तीने खाण्याच्या दोन पुड्या बांधून शेजारणीकडे दिल्या आणि डबा कपाटात कुलपात ठेवला. परतलो तर चौघंही काचेला येऊन उभे.

मागच्या आठवड्यात मामंजींनी पहाटे मला उठवलं. कोळंबी मेली म्हणाले, बिळाच्या तोंडाशी पडली आहे. त्यांचा आवाज कापत होता. मी तुम्हाला फोन केला, पावणेसहा वाजले होते, तुम्ही उचललात. "कात टाकली असेल, हात लावू नका, संध्याकाळपर्यंत बघा." मामंजी जागचे हलले नाहीत. दुपारी तीनच्या सुमाराला बिळातून वाळूचा छोटा ढीग बाहेर सरकला, आणि मागोमाग ती.

तुम्ही कधी या टाकीसमोर बसलेला नाहीत. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा जेवायला या. मामंजींनी आपल्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची लावून ठेवायला सांगितलं आहे, ती लावली आहे.

आपली,
डिचोलीची ताई