चाकू आहे, फक्त पोटावर चालत नाही

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या आरोग्य पानावर 'चाकू न लावता पोटातली कॅन्सरची गाठ काढली' ही बातमी वाचली. बातमी चांगलीच आहे हो, पण मी एंडोस्कोपी युनिटमधे टेक्निशियन आहे आणि तो न लावलेला चाकू ट्रेमधे मीच काढून ठेवतो, म्हणून राहवलं नाही.

या प्रोसिजरला ईएसडी (एंडोस्कोपिक सबम्युकोझल डिसेक्शन) म्हणतात. तोंडातून दुर्बीण आत जाते, आणि तिच्या जेमतेम तीनेक मिलिमीटरच्या चॅनेलमधून एक लांबलचक वायर, जिच्या टोकाला चाकू. पातं नसतं त्याला, करंटवर कापणारी बारीक तार असते. आधी गाठीखाली निळं केलेलं सलाईन टोचून अस्तर फुगवायचं, मग कडेने कापत कापत अख्खी गाठ खालून सोलून एकाच तुकड्यात सोडवायची, फुगवटा बसला की परत टोचा, रक्त आलं की जाळून बंद करा, असं तास दोन तास, कधी त्याहून जास्त. एका नेहमीच्या चाकूची तार जठरासाठी २ मिलिमीटर लांब आणि मोठ्या आतड्यासाठी १.५, कारण आतड्याची भिंत तेवढी पातळ. टोकियोच्या नॅशनल कॅन्सर सेंटरमधे १९९० च्या दशकात जो आयटी नाईफ (इन्सुलेटेड टिप, म्हणजे टोकाने न कापणारा चाकू) तयार झाला त्याच्या टोकाला सिरॅमिकचा इवलासा गोळा बसवला, का तर टोक घुसून भोक पडू नये. पडलंच तर बहुतेक वेळा आतूनच क्लिप मारून बंद होतं, पण कधी कधी सर्जनला बोलवावं लागतं.

आता नातेवाईक संमतीपत्रावर 'भोक पडू शकतं' वाचतात आणि म्हणतात, अहो पेपरात तर चाकूच नाही असं होतं! बिलात त्याच चाकूचे हजारो रुपये दिसले की काउंटरवर वेगळीच जुंपते.

त्याहून वाईट म्हणजे गाठ वरवरच्या थरात असेल तरच हे जमतं, हे बातमीत कुठेच नव्हतं. खोल गेलेल्या गाठीचा कॅन्सर आजूबाजूच्या लसिका ग्रंथींमधे (लिम्फ नोड्स) पसरलेला असू शकतो, तिथे दुर्बीण पोचत नाही. जपानमधे पन्नाशीनंतर पोटाच्या कॅन्सरची नियमित तपासणी होते म्हणून गाठी लवकर सापडतात, आपल्याकडे वर्षभर अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खाऊन वजन उतरल्यावर पेशंट येतो. मागे एक आजोबा शर्टच्या खिशात असंच कात्रण घडी घालून आले होते, आमच्या डॉक्टर सरांनी सीटी स्कॅन बघून नाही म्हटलं तर त्यांना वाटलं आम्हाला येत नाही म्हणून टाळतोय.

पुढच्या वेळी गाठ कोणत्या थरात होती तेवढी एक ओळ छापा, आणि हेडलाईनमधून 'चाकू न लावता' काढा.

- एक एंडोस्कोपी टेक्निशियन, पुणे