सेल पारखून घेता, मग चार्जर का नाही?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरगुती उपकरणांविषयीच्या लेखांत हल्ली रिचार्जेबल सेलबद्दल बरंच छापून येतं. कोणता सेल किती ‘एमएएच’चा (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप), किती वेळा चार्ज होतो, असे तक्तेही असतात. चार्जरचा उल्लेख मात्र ‘सोबत मोफत’ एवढ्यावर संपतो. महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून माझी नोकरी झाली. निवृत्त झालो तरी मल्टिमीटर हातातून सुटलेला नाही. त्यामुळे ‘हे रिचार्जेबल काही टिकत नाहीत बुवा’ म्हणत ओळखीचे लोक त्यांचे सेल माझ्या टेबलावर आणून टाकतात. त्यातले पुष्कळसे मुळात चांगले असतात. त्यांचे हाल केलेले असतात त्या मोफतच्या चार्जरने.

असा चार्जर एकदा उलटा करून पाहावा. मागे बारीक अक्षरांत आउटपुट लिहिलेलं असतं, समजा २०० मिलिअँपिअर. सेल २००० एमएएचचा असेल तर साध्या भागाकाराने दहा तास येतात. पण बरीच ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून प्रत्यक्षात चौदा ते सोळा तास लागतात. हा हिशेब झाला पूर्ण रिकाम्या सेलचा. अर्धा भरलेला सेल लावला तर साध्या चार्जरला त्याचा पत्ताच नसतो. त्याच्या लाल दिव्याचा अर्थ ‘वीज चालू आहे’ इतकाच. सेल भरला तरी दिवा तसाच जळत राहतो. रात्री लावायचा आणि आठवण होईल तेव्हा काढायचा, ही बहुतेक घरांतली रीत. काही चार्जरमध्ये टायमर असतो, पण तो नुसते तास मोजतो. मध्येच वीज जाऊन परत आली की बरेच टायमर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतात.

आणखी एक दोष जोडीचा. स्वस्त चार्जरमध्ये दोन सेलना मिळून एकच दिवा असतो, म्हणजे दोन्ही एकामागे एक जोडून चार्ज होतात. एक सेल अर्धा भरलेला, दुसरा रिकामा असला, तर पहिला उतू जातो आणि दुसरा उपाशी राहतो. ही जोडी मग खेळण्यात किंवा टॉर्चमध्ये गेली की अशक्त सेल आधी संपतो, आणि उपकरण चालूच राहिलं तर दुसरा सेल त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतो आणि त्याचे ध्रुव उलटे होतात. सेल कायमचा नादुरुस्त करायचा याहून खात्रीचा मार्ग नाही. म्हणून माझ्याकडे प्रत्येक जोडीवर मार्करने खूण असते: अ-अ, ब-ब. सोबत विकत घेतलेले सेल सोबतच वापरायचे आणि सोबतच चार्ज करायचे. घरात यावरून चेष्टा होते, होऊ दे.

चांगल्या चार्जरची ओळख सोपी आहे. प्रत्येक सेलला वेगळा दिवा आणि भरला की आपोआप बंद. निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे हल्लीचा नेहमीचा रिचार्जेबल सेल, पूर्ण भरला की त्याचा व्होल्टेज अगदी किंचित खाली येतो आणि सेल तापू लागतो. चार्जर नेमका तो क्षण टिपतो. फार मंद प्रवाहात हा उतार जवळजवळ दिसतच नाही, म्हणून ‘जितकं हळू तितकं बरं’ हे अशा चार्जरला लागू पडत नाही. शेवटी सेल कोमट लागला तर ठीक. हातात धरवत नसेल तर चार्जर बदला.

आता सेलकडे वळतो, कारण ठळक आकड्याचा मोह सुटत नाही. डबल ए मापात (नेहमीचा पेन्सिल सेल) १९०० ते २००० एमएएच हा भरवशाचा आकडा. चांगल्या कंपन्यांचे सेल २५००च्या आसपासही मिळतात, पण ते सहसा कमी वेळा चार्ज होतात. त्याहून बारीक ट्रिपल एमध्ये ७५० ते १००० पुरे. ट्रिपल एवर १८०० लिहिलेलं दिसलं की मी तो सेल जागेवर ठेवतो. शंका आली तर वजन करा: डबल ए साधारण २५ ते ३० ग्रॅम भरतो. मोठ्या डी मापाचे काही सेल तर उचलताच पोकळ वाटतात, कारण आत छोटाच सेल बसवलेला असतो.

आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे ते पडून राहिल्यावर सेल किती उतरतो हे. जुन्या पद्धतीचे सेल महिन्याभरात चांगलेच उतरायचे. सान्यो या जपानी कंपनीने २००५ मध्ये ‘एनेलूप’ नावाचा सेल आणला, तेव्हापासून वर्षभर ठेवूनही बराचसा चार्ज राखणारे सेल मिळू लागले. कधीमधी लागणाऱ्या टॉर्चसाठी हेच घ्यावेत.

रिचार्जेबलवर १.५ ऐवजी १.२ व्होल्ट पाहून लोक बिचकतात. अल्कलाइन, म्हणजे एकदाच वापरायचा सेल १.५वरून सतत घसरत जातो; रिचार्जेबल मात्र बराच वेळ १.२च्या आसपास टिकून राहतो. रक्तदाब मोजण्याच्या यंत्रावरची बॅटरीची खूण अल्कलाइनच्या हिशेबाने बसवलेली असेल तर ती लवकर ‘कमी’ दाखवते, एवढंच. पूर्ण संपवूनच चार्ज करण्याचा नियमही जुन्या निकेल-कॅडमियम सेलच्या काळातला. भिंतीवरच्या घड्याळाला साधा अल्कलाइन सेल वर्षभर पुरतो, तिथे रिचार्जेबल अडकवू नये. आणि डबल एच्याच मापाचा ३.७ व्होल्टचा लिथियम सेल मिळतो, तो चुकूनही साध्या उपकरणात घालू नये. १.५ व्होल्टच्या रिचार्जेबल लिथियम सेलनाही त्यांचाच चार्जर किंवा त्यांच्यावरचाच यूएसबी पोर्ट वापरावा.

आपल्याला विनंती अशी, की पुढच्या तक्त्यात सेलच्या आकड्याशेजारी चार्जरसाठी दोन रकाने घालावेत: सेल भरल्यावर तो स्वतः थांबतो का, आणि प्रत्येक सेल वेगळा चार्ज करतो का. खोक्यांवर हे बहुधा लिहिलेलं नसतं. वृत्तपत्रांतून विचारणा होऊ लागली तर कंपन्यांना ते छापावं लागेल.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक