किडा सोडण्याआधी चाचणीची यादी दाखवा

संपादक महोदय,

आमच्या ग्रामसभेत परवा घाणेरीचा विषय निघाला. आमच्याकडे तिला रायमुनिया म्हणतात. सागाच्या रानातून ती आता शेताच्या धुऱ्यापर्यंत आली आहे. तोडली की बुंध्यातून पुन्हा फुटते आणि फळे खाऊन बुलबुल तिचे बी सगळीकडे टाकतात. ‘तिच्यावर किडा सोडा, तो तेवढीच खातो,’ असे एकाने सुचवले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते पटले नाही, म्हणून हे पत्र.

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत १९४१ साली याच घाणेरीसाठी ऑस्ट्रेलियातून टेलिओनेमिया नावाचा जाळीदार पंखांचा ढेकूण आणला होता. बंदिस्त चाचणीतच तो सागाच्या फुलांवरही तोंड टाकतो असे दिसले आणि सगळी पैदास नष्ट केली गेली. तरी काही किडे निसटले आणि पुढे मोकळ्या रानात सापडले. सागाला त्यांनी मोठा उपद्रव दिला नाही, हे आपले नशीब. युगांडात मात्र १९६०च्या दशकात याच किड्याने घाणेरीची पाने संपवली आणि तो शेजारच्या तिळावर उतरला. तीळ तर घाणेरीच्या कुळातलाही नाही! माझा उन्हाळी तीळ रायमुनियापासून चार हातांवर आहे.

चाचणी करणे सोपे नाही, हे मला मान्य आहे. पिंजऱ्यात कोंडलेला उपाशी किडा समोर येईल ते कुरतडतो. तेवढ्यावरून त्याला बाद करणे चूक ठरेल. मादी त्या झाडावर अंडी घालते का, अळी तेच पान खाऊन पूर्ण वाढते का, हे पाहावे लागते. गाजरगवतासाठी मेक्सिकोतून आणलेला भुंगा १९८४ साली बंगळूरला सोडला, आणि काही वर्षांनी तो सूर्यफुलावर दिसल्याने मोठा गदारोळ झाला. शोध घेतला तेव्हा कळले की सूर्यफुलाच्या पानांवर गाजरगवताचे परागकण पडले होते आणि त्यांच्यामुळे भुंगा ती पाने खात होता.

हे भुंगे मला एका शिबिरात डबीतून मिळाले होते. फिकट पंखांवर तपकिरी रेघा, जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढे. ते कोणकोणत्या पिकांवर तपासले, असे मी विचारले; तिथे कोणालाच सांगता आले नाही. तीन पावसाळे मी रोज धुऱ्यावर जाऊन पाहिले. गाजरगवताच्या पानांची चाळण झाली, शेजारच्या झेंडूला धक्का लागला नाही. समाधान वाटले, पण ही राखण एकट्या शेतकऱ्याने का करावी?

माझी मागणी एवढीच आहे. कोणताही किडा सोडण्याआधी तो कोणत्या झाडांवर तपासला, कुठे अंडी घातली, कुठे अळी जगली, ही यादी मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. साग, शिवण, निर्गुडी आणि तीळ त्यात असायलाच हवेत. सोडल्यावर पुढचे काही हंगाम कोण येऊन पाहणार, तेही लिहावे. यादीत तीळ नसेल तर आधी त्यावर चाचणी घ्या. बी मी माझ्या घरचे देतो.

– एक शेतकरी, जि. यवतमाळ