चाळिशी सगळ्यांना लागते, चष्मा मात्र पाड्यावर पोहोचत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून मी नाशिक जिल्ह्यात नोकरी केली. आधी निफाडच्या बाजूला, मग बरीच वर्षे सुरगाणा-पेठ भागात. आता निवृत्त आहे. मोतीबिंदू शिबिरांच्या बातम्या आपल्या दैनिकात नेहमी वाचते. किती जणांची तपासणी झाली, किती शस्त्रक्रिया झाल्या, हे त्यात असते. चष्मे किती वाटले, हा आकडा मला क्वचितच दिसतो. त्यासाठी हे पत्र.

चाळिशी उलटली की डोळ्यातले भिंग ताठर होऊ लागते आणि जवळचे पुसट दिसते. द्राक्षबागायतदाराला हे चुकत नाही, पाड्यावरच्या कोकणा, वारली, महादेव कोळी माणसालाही चुकत नाही. आपल्या भाषेने तर या दुखण्याला आणि त्यावरच्या चष्म्याला एकच नाव देऊन ठेवले आहे. निफाडला माणूस पेपर लांब धरायला लागला की घरचेच त्याला चष्म्याच्या दुकानात घेऊन जात. सुरगाण्याच्या पाड्यांवर पंचावन्न-साठीच्या बाया मला सांगत, "बाई, डोळं म्हातारं झालं, आता काय करायचं?" अक्षरओळख नसलेल्यांसाठी मी सुपात मूठभर तांदूळ ठेवायची. डोळ्यांवर प्लस अडीचची भिंगे धरली की त्याच बाया खडे वेचून माझ्या हातावर ठेवत. एक आजी खडे सोडून आधी स्वतःच्या हाताच्या रेषाच पाहत बसल्या होत्या. किती वर्षांनी दिसल्या असतील त्या!

आमच्या शिबिरांत या माणसांचे काय होई, ते सांगते. डोळ्यांत बॅटरी मारून मोतीबिंदू पिकलेले वेगळे काढले जात, गाडीत बसवून शस्त्रक्रियेला नेले जात. ते काम मोलाचेच आहे. बाकीच्यांना सांगितले जाई, "तुम्हाला काही नाही, नुसता चष्मा लागेल." तो चष्मा द्यायला शिबिरात पेटी नसे. नंबरचा कागद घेऊन माणूस घरी जाई आणि तो कागद कुडाच्या भिंतीत खोचलेला राही. तालुक्याच्या गावी जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते, वर जीपचे भाडे. शस्त्रक्रिया झालेल्यांचीही गत फार वेगळी नसे. डोळ्यात भिंग बसवल्यावर लांबचे स्वच्छ दिसते, पण जवळच्यासाठी बहुतेकांना चष्मा लागतोच. तो ठरवायचा साधारण महिना-दीड महिन्याने. तोवर माणूस कामाला दूर गेलेला असे.

हे काम कुठले, हेही पाहायला हवे. पावसाळी शेती आटोपली की पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात. फेलफुटी म्हणजे घड नसलेल्या फुटी काढणे, घड विरळणे ही सगळी बारीक नजरेची कामे. काम उक्ते असले की टोळीला हात लवकर उरकणारा माणूस लागतो. मणी नीट दिसत नाहीत म्हणून पन्नाशीची बाई मागे पडते. पुढच्या वर्षी तिला टोळीत घेत नाहीत. तिच्या अंगात कामाची ताकद असते, हातात कसब असते. नसतो तो शंभर-दीडशे रुपयांचा चष्मा. ज्या बागेत ती काम करते, तिचा मालक मात्र तोच चष्मा लावून मजुरीचा हिशेब लिहितो.

मी हे भावनेच्या भरात लिहीत नाही. आसामातल्या चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचे चष्मे देऊन त्यांची पानखुडणी मोजली गेली. ते निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. चष्मा मिळालेल्यांचे काम न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढले. या मळ्यांतल्या मजुरांमध्ये झारखंड, ओडिशा, छत्तीसगडमधून पिढ्यांपूर्वी नेलेल्या आदिवासींची मोठी संख्या आहे. चहाचे कोवळे पान आणि द्राक्षाचा कोवळा घड, नजर सारखीच लागते.

आणि हा प्रश्न गरीब देशांपुरता आहे असेही नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नेत्रआरोग्य सर्वेक्षणाचा अहवाल २०१६ साली आला. त्यात ४० वर्षांपुढचे मूलनिवासी आणि ५० वर्षांपुढचे इतर नागरिक तपासले होते. दृष्टी अधू असण्याचे प्रमाण मूलनिवासींत इतरांच्या तिप्पट निघाले. पण कारण पाहिले तर दोन्हीकडे पहिले कारण एकच. लांबचे अधू दिसणाऱ्या दहापैकी सहा जणांकडे फक्त योग्य नंबरचा चष्मा नव्हता. म्हणजे मूलनिवासींचे डोळे काही वेगळे नाहीत, त्यांच्यापर्यंत सेवा कमी पोहोचते. त्याच देशातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१० पासून मूलनिवासींना अवघ्या १० डॉलरमध्ये तपासून चष्मा देणारी योजना सुरू केली. सरकारने मनावर घेतले की होते.

आपल्याकडे कागदावर बरेच काही आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि ज्येष्ठांना जवळचे चष्मे मोफत देण्याची त्यात तरतूद आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ३,००० रुपये मिळतात, साधनांच्या यादीत चष्माही आहे. पण त्यासाठी वय ६५ लागते. चाळिशी लागते चाळिशीत. मधली पंचवीस वर्षे, म्हणजे मजुरी करायची सगळी वर्षे, त्या बाईने काय करायचे?

आठवडी बाजारात जमिनीवर मांडलेले तयार चष्मे असतात. लोक लावून पाहतात, बरे दिसले तर घेतात. मी त्यांना कधी दोष दिला नाही. पण तपासणीच होत नसल्याने काचबिंदू किंवा मधुमेहाने बिघडलेला पडदा तसाच राहून जातो, याची मला काळजी वाटते.

बांगलादेशात ब्रॅक संस्थेच्या गावोगावच्या आरोग्यसेविका अनेक वर्षे जवळची नजर तपासून तिथल्या तिथे चष्मा देत आहेत, आणि ज्याचे दुखणे वेगळे वाटेल त्याला डॉक्टरांकडे पाठवत आहेत. आपल्या आशाताईंना एक तक्ता, प्लस एक ते प्लस तीनपर्यंतच्या चष्म्यांची एक पेटी आणि दोन दिवसांचे प्रशिक्षण दिले तर त्याही हे करू शकतील. मात्र या कामाचा मोबदला त्यांना वेगळा मिळाला पाहिजे, आधीच त्यांच्या डोक्यावर कामे थोडी नाहीत. हे सुरगाणा, पेठ, जव्हार, मोखाडा, धडगाव, अक्कलकुवा, धारणी, भामरागड अशा तालुक्यांतून आधी सुरू व्हावे. द्राक्षाची छाटणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. टोळ्या गाव सोडण्याआधी पेट्या पाड्यांवर पोहोचल्या पाहिजेत. आणि यापुढे शिबिराची बातमी छापताना आपल्या बातमीदाराने आयोजकांना विचारावे, चष्मे किती दिले?

आपली,
एक निवृत्त नेत्रचिकित्सा अधिकारी, नाशिक