फोर्डची चासी, विलीजचं इंजिन आणि सुभेदारसाहेब

आदरणीय सुभेदारसाहेब,

सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "च्या घे आधी" म्हणून विषय संपवता. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितोय. नातू वाचून दाखवेलच. शिवाय जुन्या फौजी जीपच्या नादी लागलेल्या माझ्यासारख्या आणखी चार जणांच्या कामी येईल.

इंजिन चालू करून देणारे मिस्त्री पुण्यात पैशाला पासरी मिळतात. दारात उभी आहे ती गाडी नक्की कोणती, हे सांगणारं मात्र कोणी नव्हतं. दुसऱ्या महायुद्धातली ही फौजी जीप विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्या बनवत. विकणाऱ्यानं 'शंभर टक्के ओरिजिनल विलीज' म्हणून ती माझ्या गळ्यात मारली होती. तुम्ही बोनेटला हातसुद्धा न लावता गुडघ्यावर बसलात आणि रेडिएटरखालचा आडवा क्रॉस मेंबर चाचपलात. विलीजला तिथं गोल नळी असते, फोर्डला पालथ्या 'यू'सारखी चौकोनी पट्टी. आमच्या गाडीला पट्टी होती. "फोर्ड हाय ही," एवढंच बोललात आणि रॉकेल मागवलंत.

पुढचा तास मी विसरणार नाही. चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, डाव्या दांड्याच्या वरच्या अंगावर तारेचा ब्रश फिरत होता. वरचा काळा रंग गेला, मग कुणीतरी हौसेनं मारलेला लाल, मग फिकट हिरवा, आणि तळाशी फौजेचा मळकट हिरवा. त्याखालून 'जीपीडब्ल्यू' ही फोर्डच्या जीपची अक्षरं वर आली, मागोमाग आकडे. विलीजच्या चासीवर नंबर असा थेट ठोकत नसत, तो आतल्या बाजूला रिव्हेट केलेल्या छोट्या पट्टीवर असे, हेही तेव्हाच कळलं. इंजिनाच्या उजव्या अंगाला मात्र 'एमबी' निघालं, म्हणजे विलीजचं. गिअरबॉक्स युद्धातल्या जीपचा टी-84 नव्हताच. केसिंग बघताच तुम्ही टी-90 म्हणालात, नंतरच्या महिंद्रा जीपमधून कुणीतरी काढून बसवलेला.

मग तुम्ही काकूंकडून दोन जुन्या पराती मागवल्यात (त्या अजून आमच्याकडेच आहेत, घेऊन येतो). सुटा झालेला प्रत्येक बोल्ट पुसायचा आणि डोकं उजेडात धरायचं. 'एफ' दिसला तर एका परातीत, नाहीतर दुसरीत. हेन्री फोर्डच्या कारखान्यात बोल्टपासून बिजागरीपर्यंत शक्य तिथं हा 'एफ' उठवायचे. काही ठिकाणी तो इतका पुसट की बोटानंच कळायचा. तुमचं बोट आधी सांगायचं, माझा चष्मा नंतर.

संध्याकाळपर्यंत दोन्ही पराती सारख्याच भरल्या आणि माझं तोंड उतरलं. तेव्हा तुम्ही जे बोललात ते जसंच्या तसं लिहितो: "आरं, फौजंच्या वर्कशॉपात गाडी लायनीवर जायाची आस्ती. जो बोल्ट हाताला घावंल त्यो आपला." दोन्ही कंपन्यांनी मिळून 1941 ते 1945 मध्ये सहा लाखांवर जीपा बनवल्या, त्या एकाच आराखड्यावर. इंजिन तेच, 134 घन इंचांचं, 60 हॉर्सपॉवरचं. एकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे ही लष्कराची अटच होती. फोर्डच्या चासीत विलीजचं इंजिन बसलं म्हणजे गाडी बाटली, हे खूळ आपल्यासारख्या हौशी लोकांचं. ज्यांनी ती चिखलातून हाकली त्यांना याचं सोयरसुतक नव्हतं.

यापेक्षाही मोठं ऋण दुसरं आहे. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. कागदोपत्री जुळावं म्हणून एका एजंटानं सरळ सुचवलं की इंजिनावरचा नंबर घासून नवा पंच मारू, कुणाला कळतंय. तुम्ही फोनवरच त्याला असे काही फैलावर घेतलेत की तो नंतर माझा फोन उचलेना. मग इंजिन बदललेलं आहे असंच अर्जात लिहिलं. वेळ लागतोय, लागू दे.

डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, हे तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून स्टड वाचले. आणि दोन तुकड्यांच्या कॉम्बॅट रिमचे नट हवा पूर्ण सोडल्याशिवाय खोलायचे नाहीत, हे गॅरेजमधल्या पोरांना तुम्ही ज्या आवाजात बजावलंत, तो आवाज त्यांच्या कानात अजून आहे. हवा असताना नट सैल केले तर रिम फुटून तोंडावर येते, ही शिकवणी एकदाच मिळते.

गाडीची खबर अशी: सात खाचांची महिंद्राची जाळी काढून नऊ खाचांची बसवली. हेडलाइटही बिजागरीवर उलटा फिरून इंजिनावर उजेड पाडतो, फक्त डावीकडचा फुलपाखरी नट मिळायचा आहे. टी-90 गिअरबॉक्स ठेवलाय, तुमचा सल्ला मानून. ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीचं) ऑईल सील अजून गळतंय.

कागद हातात पडले की गाडी घेऊन साताऱ्याला येतो. रविवारी जुन्या बाजारात एक कार्बुरेटर मिळालाय. विकणारा कार्टर कंपनीचा म्हणतो, पण पितळी बिल्ला गायब आहे, आणि मला तो सोलेक्स कंपनीचा वाटतोय. तोही आणतो, तुम्हीच बघून सांगा. काकूंना नमस्कार.

तुमचा,
जीपवाला पुणेकर