अप्पा, शाल-श्रीफळ नको म्हणालात, म्हणून हे पत्र

आदरणीय अप्पा,
सादर प्रणाम वि. वि.

पोरांच्या गावाच्या नकाशातल्या चुका तुम्ही दाखवून दिल्यात, म्हणून २६ जानेवारीला सत्काराचं विचारलं तर "नारळ फोडून पोरांना वाटा" म्हणालात आणि सायकलवर टांग टाकून निघून गेलात. आता सगळ्या गावासमोर पत्र लिहिते, ते तरी परत पाठवता येणार नाही.

सातवीच्या पोरांनी गावाचा नकाशा काढला होता. रंग झकास, रेघा सरळ. मी स्वतः त्यावर 'छान' असा शेरा मारला होता. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून कागद पाहिलात आणि पहिलाच प्रश्न टाकलात, "हाऊ नकाशा कोना शे?" शीर्षकच नव्हतं! आपलं गाव आपल्याला ठाऊक, म्हणून कुणाला ते सुचलंच नाही. मलासुद्धा.

मग तुम्ही वर्गात पाहुणे होऊन बसलात. "मी पाव्हना शे. माले बंधारा दखाड." पोरगी सांगायला लागली आणि तिथेच उत्तर दिशेच्या बाणाची चूक सापडली. शाळेच्या दारातून समोर पांझरा दिसते, म्हणून पोरांनी नदी कागदाच्या वरच्या अंगाला काढली होती. आणि बाण वर म्हणजे उत्तर, हे पाठ झालेलं. आपलं गाव नदीच्या उत्तर काठाला. पांझरा आपल्या दक्षिणेला. "बाई, पोरांनी एका रात्रीत गाव नदीपलीकडे नेलं, पूल न बांधता," म्हणालात.

त्या दुपारी तुम्ही मैदानात काठी रोवलीत, ते पोरं विसरायची नाहीत. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण. माझी घाई, बारा वाजले की झालं. तुम्ही म्हणालात, घड्याळ म्हणजे भारताची प्रमाणवेळ, ती ८२°३०' रेखावृत्ताची आहे, मिर्झापूरकडची; आपण त्याच्या पश्चिमेला पावणेआठ अंश, दर अंशाला ४ मिनिटं उशीर. वर जानेवारीत सूर्य आणखी थोडा मागे राहतो. सगळ्यांत आखूड सावली खरोखर पाऊण वाजायच्या सुमारास पडली आणि ती शाळेच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवत होती. ती उत्तर. हाच प्रयोग जूनमध्ये केला तर सावली उलटी, दक्षिणेला पडेल, कारण कर्कवृत्त आपल्या उत्तरेला आहे आणि मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत भरदुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. वीस वर्षं भूगोल शिकवते, अप्पा. हे मी कधी अंगणात पाहिलं नव्हतं.

मोजणी तुमच्या जुन्या साखळीने झाली. ३३ फुटांची, १६ आण्यांची, म्हणजे १६ भागांची. साखळी म्हणजे जवळपास १० मीटर, त्यामुळे पोरांचं गणित सोपं झालं. शाळा ते बंधारा ६० साखळ्या, म्हणजे ६०० मीटर. १ सेंटिमीटरला ५० मीटर धरून कागदावर १२ सेंटिमीटर. इथवर सगळं बरोबर. घोळ मी घातला. प्रदर्शनासाठी नकाशा ए-फोरवरून ए-थ्रीवर मोठा करून आणला. खाली '१ सेमी = ५० मीटर' तसंच. तुम्ही पट्टी लावायला सांगितलीत. १७ सेंटिमीटर भरले! म्हणजे ८५० मीटर. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, बंधारा पुढे सरकला का?" त्याच दिवशी ते शब्दांतलं प्रमाण खोडून रेषाप्रमाण, म्हणजे अंतर दाखवणारी रेघ काढली. कागद फुगला की रेघही त्याच्याबरोबर फुगते, हे झेरॉक्सच्या दुकानात कुणी सांगत नाही.

नकाशातल्या चिन्हांच्या सूचीवर फार लिहीत नाही. चिन्ह नकाशात असेल तर सूचीत हवं, सूचीत असेल तर नकाशात हवं, एवढा तुमचा कायदा. त्या कायद्याने नकाशातला माझा आवडता मोर गेला. रागवले नाही, थोडीच रागवले.

पण तारखेचं लिहायलाच हवं. पोरांनी चारही फड, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावरच्या शेतीचे भाग, पिकांप्रमाणे रंगवले होते, उसाचा हिरवा, गव्हाचा पिवळा. तुम्ही विचारलंत, "हे कोणत्या साली?" फडात पीक फिरतं; बंधाऱ्याच्या पाण्यावर एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पुढे ते बदलायचं, हे इथल्या प्रत्येक पोराला ठाऊक. तरी नकाशावर महिना-साल टाकायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आता उजव्या कोपऱ्यात आहे: जानेवारी २०२५, काढणारे इयत्ता सातवी.

नकाशा ग्रामपंचायतीत लागला आहे. एक कबुली देते. तुमच्या घरावर पोरांनी बारीकशी साखळी काढली आहे आणि सूचीत तिच्यापुढे 'अप्पा' एवढंच लिहिलं आहे. कायद्यात बसतं की नाही, ते पाहायला या. भरीत-भाकरी माझ्याकडे.

आपली नम्र,
शाळेतल्या बाई