घोटीचे शुल्क, समृद्धीचा पथकर: सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना नाशिकहून खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक बांधकाम,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: टोलनाक्यांवरील फलक आणि पावत्यांतील शब्दांबाबत

महोदय,

घोटीचा टोलनाका आणि भरवीरला समृद्धी महामार्गावर चढण्याची वाट, दोन्ही इगतपुरी तालुक्यातच. दोन्हीकडे कापल्या जाणाऱ्या पैशांना आपण सगळेच ‘टोल’ म्हणतो. बोलताना तेवढे पुरते. फलक, पावती आणि पास यांच्यापाशी आले की मात्र पुरत नाही, कारण कायद्याच्या लेखी ही दोन वेगळी देणी आहेत.

घोटी, पिंपळगाव बसवंत, चांदवड, शिंदे या राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांवर घेतले जाते ते शुल्क. त्याचा आधार राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ मधील कलम ७ आणि २००८ चे शुल्क नियम. राज्याच्या अखत्यारीतील रस्त्यांवर १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्यातील कलम २० खाली अधिसूचना निघते आणि घेतला जातो तो पथकर. म्हणजे वेगळे शब्द आहेतच, कोशकारांना नवे घडवायची गरज नाही. अडचण एवढीच की फलक लिहिणारा हाताला येईल तो शब्द लिहितो.

याचा फटका कुठे बसतो ते पाहा. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी कार, जीप, व्हॅनसाठी फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला. सुरुवातीचा दर ३,००० रुपये, मुदत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल ते. घोटीचा नाका ओलांडून गेलात की एक फेरी, परत आलात की दुसरी. हा पास राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच चालतो. समृद्धी राज्याची, तिथे तो लागू नाही. नाशिकचा गाडीवाला ‘टोलचा पास काढलाय’ या भरवशावर भरवीरहून शिर्डीकडे निघतो. समृद्धीवर आकारणी अंतरानुसार, उतरताना होते, त्यामुळे पास चालत नाही हे त्याला बाहेर पडतानाच कळते. टॅगमध्ये शिल्लक असेल तर पैसे निमूट कापले जातात. पासावर विसंबून शिल्लक ठेवली नसेल, तर टॅग काळ्या यादीत गेलेला असतो आणि जादा आकारणीवरून खिडकीपाशी वाद सुरू होतो. मागे गाड्यांची रांग लागते आणि शिव्या खातो तो खिडकीतला पोरगा.

‘पथकर’ शब्दाचा सरसकट वापर आणखी एक घोटाळा करतो. शेवटी ‘कर’ दिसला की माणूस म्हणतो, गाडी घेताना रोड टॅक्स भरला, मग हा दुसरा कर कशाला? पण तो रोड टॅक्स म्हणजे वाहन कर. गाडी बाळगल्याबद्दल तो राज्याच्या तिजोरीत जातो. शुल्काचे तसे नाही. कलम ७ मध्ये नौघाट, पूल, बोगदे आणि महामार्गाचे टप्पे यांच्या वापरासंबंधी दिलेल्या सेवेचे किंवा लाभाचे शुल्क, अशी भाषा आहे. पैसे सेवेचे असतील तर सेवा पुरती मागता येते. केरळात त्रिशूर जिल्ह्यातील पालियेक्कारा नाक्यावरची वसुली ऑगस्ट २०२५ मध्ये रस्त्याच्या दुरवस्थेमुळे उच्च न्यायालयाने थांबवली आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्या आदेशात हस्तक्षेप केला नाही. पावतीवर ‘शुल्क’ छापले तर कसारा घाटाच्या अलीकडे-पलीकडे खड्डे चुकवणाऱ्या माणसाला आपण नेमके काय विकत घेतले आहे, हे उमजेल.

हा विचार नाशिकला परका नाही. महामार्गालगतच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका या नद्या होड्यांनी फुकट पार करण्याची सोय करून दिल्याचे त्यात कोरले आहे. शब्द आहे ‘पुण्यतर’. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्र’ ग्रंथात मालाच्या गाडीमागे सव्वा ‘पण’ (त्या काळचे नाणे) इतकी ‘वर्तनी’, म्हणजे वाटेचा आकार, सीमेवरचा अंतपाल घेतो, आणि वाटेत हरवलेल्या, चोरीला गेलेल्या मालाची भरपाईही त्यानेच करायची असते. घेणारा बांधील आहे, हे त्या नियमातच आले.

‘नाका’ शब्दाला मात्र हात लावू नये. मुंबई नाका, आडगाव नाका, त्र्यंबक नाका ही आता चौकांची नावे आहेत, तिथे कुणी पैसे मागत नाही. इंग्रजीत उलटे घडले. टर्नपाइक म्हणजे मुळात वाटेवरचा फिरता अडसर, पुढे त्या रस्त्यालाच ते नाव पडले. आपल्याकडे अडवण्याची जागा ‘नाका’च राहिली. तेव्हा ‘टोल प्लाझा’पेक्षा ‘टोलनाका’ लिहावे.

आता करायचे काय. राज्याच्या रस्त्यांवर सगळीकडे ‘पथकर’ हा एकच शब्द ठेवावा. समृद्धीच्या भरवीर, इगतपुरी आणि सिन्नरकडील प्रवेशमार्गांवर, गाडी वर चढण्याआधी, परत वळता येईल अशा जागी फलक हवा: ‘हा राज्याचा रस्ता आहे. राष्ट्रीय महामार्गाचा वार्षिक पास येथे चालत नाही. टॅगमध्ये शिल्लक ठेवा.’ बाहेर पडण्याच्या खिडकीवर हा फलक लावून काही उपयोग नाही.

राष्ट्रीय महामार्गांवरची शुल्कवसुली आपल्या खात्याकडे नाही, पण तिथल्या मराठीसाठी दिल्लीला पत्र जायला हवे. हिंदीवरून उतरवलेले ‘नगद’, ‘छूट’, ‘वापसी यात्रा’ काढून ‘रोख’, ‘सवलत’, ‘परतीचा प्रवास’ लिहावे. दरफलकावर सवलती उदाहरणाने सांगाव्यात: एकेरी १०० रुपये असतील तर २४ तासांत परतल्यास दोन्ही मिळून १५०. वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांचा मासिक पास फक्त बिगर-व्यावसायिक गाडीला मिळतो, हेही तिथेच लिहावे. म्हणजे आरसी आणि पत्त्याचा पुरावा घेऊन पासासाठी येणाऱ्या टेम्पोवाल्याचा हेलपाटा वाचेल.

पावतीवर आणि मोबाइलवर येणाऱ्या संदेशात चार गोष्टी मराठीत असाव्यात: पथकर की शुल्क, वसुली कोणाची, कुठून कुठपर्यंतच्या किती किलोमीटरची, आणि तक्रार कुठे करायची. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा क्रमांक आहे. राज्याच्या रस्त्याची तक्रार तिथे करून निघत नाही, म्हणून राज्याच्या पावतीवर राज्याचाच क्रमांक ठळक छापावा.

आपले,
रस्ते आणि मराठी या दोन्ही विषयांत काम करणारे नाशिककर